ब्रिस्केट: शिजलं होतं, पण मऊ झालं नव्हतं

इअरफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आजचा भाग मी घराच्या मागच्या अंगणात बसून रेकॉर्ड केलाय. मध्येच चिमण्या ओरडतात, मध्येच शेजाऱ्यांचा कुत्रा. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा भाग लिहून काढलाय. 'अं' आणि 'काय म्हणत होतो' तेवढं गाळलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तर आजचा विषय आहे ब्रिस्केट. म्हणजे गुरांच्या छातीचा मोठा तुकडा, जो इथे टेक्ससमध्ये रात्र-रात्र धुरावर ठेवून शिजवतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. मी वसईचा, ख्रिस्ती घरातला, आमच्याकडे बीफ खाल्लं जायचं. गेली काही वर्षं मी ह्युस्टनजवळ राहतो. आपल्या ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण बीफ खात नाहीत हे मला माहितीये, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. तिथे दुकानात जे मिळतं ते म्हशीचं. म्हणून हा भाग 'उद्या घरी करून बघा' या टाईपचा नाही. जे इथे किंवा असंच कुठे बाहेर राहतात त्यांना पायरी न पायरी उपयोगी पडेल. बाकीच्यांनी मधला भाग नक्की ऐका, कारण त्यात जे आहे ते तुमच्या रविवारच्या मटणालाही लागू पडतं.

आता माझी फजिती.

दोन वर्षांपूर्वी पप्पा पहिल्यांदा इथे आले, ईस्टरच्या आधी. मी ठरवलं, ईस्टरला दहा-बारा जणांना बोलवायचं आणि ब्रिस्केट करायचं. आयुष्यात कधी केलं नव्हतं. चार-पाच व्हिडिओ बघितले आणि वाटलं, त्यात काय एवढं, धूर करायचा आणि मांस ठेवायचं. दुकानात गेलो आणि आपल्याकडे करतो तेच केलं, 'चरबी नको, साफ करून द्या.' चार-चार पाउंडांचे दोन छान, सपाट, लालभडक तुकडे घेतले. पप्पांचं कोलेस्टेरॉल डोक्यात होतं ना.

सकाळी सात वाजता ग्रिलवर चढवले. अकरापर्यंत सगळं मस्त. थर्मामीटरचा आकडा सरसर वर चाललेला. आणि १५० फॅरेनहाइटला, म्हणजे साधारण ६५ सेल्सिअसला, आकडा थांबला. अर्धा तास गेला, तास गेला, दोन तास गेले, आकडा तिथेच. एक वाजून गेला. पाहुणे यायला लागले. एक काकू तर विचारून गेल्या, 'भात लावू का रे, की अजून वेळ आहे?' मी घाबरलो. झडपा सगळ्या उघडल्या, कोळसा ओतला, आग भडकवली. आकडा १६५ वर गेला, आणि मी कुठेतरी वाचलेलं की १६० ला बीफ पूर्ण शिजतं. उतरवलं, लगेच कापलं, वाढलं.

मंडळी, काय सांगू! चऱ्हाट. अक्षरशः चऱ्हाट. कापलं तेव्हा पाटावर पाणी आलं आणि तुकडे कोरडे. पाहुणे चांगले, सगळ्यांनी 'छान झालंय' म्हटलं आणि सॉसमध्ये बुडवून गिळलं. पप्पांना कवळी आहे. ते काही बोलले नाहीत. मी नंतर ताटं उचलायला गेलो तेव्हा त्यांच्या ताटात भाताच्या ढिगाखाली चारही तुकडे नीट झाकून ठेवलेले होते. मला वाईट वाटू नये म्हणून.

त्या संध्याकाळी शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. चाळीस वर्षं हेच करतायत ते. मी सगळं सांगितलं. किती वाजता चढवलं, कधी अडकलं, किती तापमानाला उतरवलं. ते हसले आणि म्हणाले, 'अरे बाबा, जिथून ते मऊ व्हायला लागतं, तिथेच तू उतरवलंस.'

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं, आणि आजचा अख्खा भाग त्याच्यावरच आहे. मांस शिजणं आणि मांस मऊ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हीची तापमानं वेगळी, दोन्हीची कारणं वेगळी.

बघा, गुरांना आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे दोन पाय धडाला जोडलेले असतात ते स्नायूंनी. आणि चार पायांच्या जनावराचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं. म्हणजे छातीचे हे स्नायू जनावर उभं असेल, चालत असेल, तेव्हा सतत कामाला असतात. असा राबणारा स्नायू भक्कम कसा राहतो? त्याच्या धाग्यांभोवती कोलॅजन नावाचं एक चिवट प्रथिन असतं. दोरीभोवती दोरी गुंडाळावी तसं.

आता उष्णता दिली की काय होतं? मांसाचे धागे ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच चांगले आवळतात, पाणी पिळून बाहेर टाकतात. लाली जाते, मांस 'शिजतं'. खायला सुरक्षित होतं. पण कोलॅजन अजून तसंच चिवट असतं. ते विरघळून जिलेटिन व्हायला साधारण ७० अंशांच्या वर, आणि तेही तासन् तास, राहावं लागतं. म्हणजे मधे एक असा टप्पा येतो जिथे पाणी तर गेलंय आणि चिवटपणा अजून गेलेला नाही. खाण्यासाठी सगळ्यात वाईट जागा. मी ईस्टरला नेमकं तिथे थांबलो होतो.

पुढे जात राहिलं की कोलॅजन वितळतं, त्याचं जिलेटिन होतं, ते धाग्यांमध्ये पसरतं आणि तोंडात ओलसर, रेशमी लागतं. म्हणून ब्रिस्केटच्या बाबतीत उलटा न्याय आहे. कोरडं लागत असेल तर बहुतेक वेळा ते जास्त शिजलेलं नसतं, कमी शिजलेलं असतं.

जिलेटिन म्हणजे काय हे तुम्हाला माहितीच आहे. पायाचं सूप फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी जेली होते ना? तेच. आणि आपल्या आयांना हे पुस्तक न वाचता ठाऊक असतं. मटणाची लाली पंधरा मिनिटांत जाते, पण कोणी तेव्हा गॅस बंद करत नाही. 'अजून दोन शिट्ट्या होऊ दे.' त्या दोन शिट्ट्या कोलॅजनसाठी असतात. मी मराठी माणूस असून हे विसरलो, कारण समोर कुकर नव्हता, थर्मामीटर होता.

बरं, मग तो आकडा दोन तास का अडकला?

याला इथे 'स्टॉल' म्हणतात, आणि नवख्या माणसाचं ब्रिस्केट इथेच बिघडतं. बरीच वर्षं लोक सांगायचे की चरबी वितळतेय म्हणून, किंवा कोलॅजन वितळतंय म्हणून सगळी उष्णता तिकडे जाते. ग्रेग ब्लॉन्डर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हे तपासलं. त्याने मांसाच्या जोडीला एक ओला स्पंज आणि एक नुसत्या चरबीचा गोळा तापवला. चरबीचा गोळा मुकाट तापत गेला, कुठे थांबला नाही. ओला स्पंज मात्र मांसासारखाच अडकला. स्पंजात ना चरबी, ना कोलॅजन. आहे काय? पाणी.

माठ! उन्हाळ्यात माठातलं पाणी थंड का राहतं? माठ पाझरतो, बाहेरचं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. ब्रिस्केट तेच करतं. ग्रिलची उष्णता आत येतेय आणि पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन तेवढीच उष्णता बाहेर नेतंय. जमा-खर्च सारखा, आकडा जागच्या जागी. पृष्ठभाग पुरेसा कोरडा झाला की वाफ कमी होते आणि आकडा आपोआप पुढे सरकतो. यात काही बिघडलेलं नसतं. तुमची आग नीट असेल तर काही करायचं नाही.

किंवा एक करायचं, गुंडाळायचं. कागदात किंवा फॉईलमध्ये घट्ट बांधलं की वाफ अडते, माठाला प्लॅस्टिक गुंडाळल्यासारखं. इथे याला 'टेक्सस क्रच' म्हणतात, टेक्ससची कुबडी. म्हणणाऱ्यांचा सूर थोडा टोमण्याचा असतो. मी कुबडी घेतो, मला लाज नाही.

आता मुळापासून, खरेदीपासून.

पूर्ण ब्रिस्केटमध्ये दोन स्नायू असतात, एकावर एक. खालचा सपाट, लांब, कमी चरबीचा, त्याला फ्लॅट म्हणतात. वरचा जाड, चरबीदार, तो पॉइंट. दोन्ही मिळून जो अख्खा तुकडा येतो त्याला 'पॅकर' म्हणतात, साधारण दहा ते सोळा पाउंड, म्हणजे साडेचार ते सव्वासात किलो. मी ईस्टरला घेतला होता तो नुसता साफ केलेला फ्लॅट. नवख्याने नेमकं हेच घेऊ नये. कमी चरबी, पातळ तुकडा, चूक झाली की सावरायला काही शिल्लक नाही. पहिल्यांदा करताना अख्खा पॅकर घ्या, बारा-तेरा पाउंडांचा. मोठा वाटतो, पण तोच सोपा.

प्रत बघा. इथे कृषी खातं मांसाला दर्जा देतं. प्राइम सगळ्यात वर, मग चॉइस, मग सिलेक्ट. मुख्य फरक मांसाच्या आत पसरलेल्या चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषांचा, ज्याला मार्बलिंग म्हणतात. चॉइस पुरतं. प्राइम मिळालं आणि खिसा परवानगी देत असेल तर घ्या. सिलेक्ट सोडून द्या, त्याच्यावर वाचवलेले पैसे जेवताना कळतात.

मग पॅकेट हातात घ्या. लाजू नका, इथे सगळे घेतात. मधोमध हातावर आडवं ठेवा, दोन्ही टोकं खाली झुकायला हवीत. फळीसारखं ताठ राहिलं तर बहुतेक मध्ये कडक चरबीचा मोठा गोळा असतो. (फ्रीझरमधून अर्धवट गोठलेलं असेल तर अर्थातच ताठ राहणार, ते बघून घ्या.) पण याहून मी जास्त महत्त्व देतो ते फ्लॅटच्या टोकाला. ते टोक किमान इंचभर जाड हवं. पातळ जीभ निघालेली असेल तर ती जळणार, म्हणजे आधीच कापून टाकावी लागणार, म्हणजे तुम्ही कचऱ्याचे पैसे दिले.

आणि हिशोब आधीच लक्षात ठेवा. साफ करताना चरबी जाते, शिजताना पाणी जातं. तेरा पाउंड आणलं तर ताटात साडेसहा-सात येतं. निम्मं! पप्पांना हा हिशोब सांगितला तेव्हा ते म्हणाले, 'सुकी मासळी तरी परवडली.'

साफ करणं म्हणजे चरबी सगळी काढणं नव्हे. वरचा थर पाव इंच, म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा जास्त, ठेवायचा. दोन स्नायूंच्या मधल्या कडेला जो कडक, मेणासारखा गोळा असतो तो वितळत नाही, तो खरवडून काढा. लोंबणारे, पातळ तुकडे काढून कडा गोलसर करा. मांस फ्रीजमधून काढल्या काढल्या, थंड असतानाच हे करा, चाकू सरळ चालतो. काढलेली चरबी फेकू नका, बारीक गॅसवर वितळवून गाळून ठेवली की बटाटे परतायला एक नंबर.

मसाला? इथे मी तुम्हाला निराश करणार. मीठ आणि मिरी. बस. मध्य टेक्ससची पद्धत हीच. दर पाउंडाला अर्धा छोटा चमचा जाडं मीठ, आणि तेवढीच जाडसर कुटलेली मिरी. मिरीची पूड नको, जळून कडू होते. मीठ आदल्या रात्री लावून फ्रीजमध्ये उघडंच ठेवलं तर उत्तम. मी एकदा आमचा ईस्ट इंडियन बॉटल मसाला लावला होता. वीस-पंचवीस जिनसांचा मसाला बारा तास धुरात राहिल्यावर त्यातली एकही जिन्नस ओळखू येत नाही. वाया घालवला. आईने वसईहून पाठवलेला होता, तिला सांगू नका.

ही मीठ-मिरीची पद्धत आली कुठून? एकोणिसाव्या शतकात मध्य टेक्ससमध्ये जर्मन आणि चेक लोक येऊन वसले. त्यांची खाटकाची दुकानं होती. न खपलेलं मांस टिकावं म्हणून ते धुरावर लावायचे, आणि शेतमजूर ते कागदावर घेऊन तिथेच खायचे. ना ताट, ना काटा. लॉकहार्ट नावाचं छोटं गाव आहे, तिथलं क्रॉइट्स मार्केट १९०० पासूनचं, ब्लॅक्स बार्बेक्यू १९३२ पासूनचं, दोन्ही अजून चालू. या सगळ्यात काळ्या आणि मेक्सिकन कारागिरांच्या आगीच्या ज्ञानाचा वाटा मोठा आहे, जो बोर्डावरच्या नावांत फारसा दिसत नाही. मग २००९ मध्ये ऑस्टिनला एरन फ्रँकलिनने एका ट्रेलरमधून विक्री सुरू केली, आणि २०१५ मध्ये त्याला जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. आता तिथे लोक सकाळपासून खुर्च्या टाकून रांगेत बसतात. एकेकाळी कोणाला नको असलेला चिवट तुकडा, आज त्याचे भाव बघा.

घरी मात्र तेवढी मोठी भट्टी लागत नाही. माझ्याकडे साधं बावीस इंची गोल केटल ग्रिल आहे, झाकणवालं. त्यात मी 'साप' करतो. घाबरू नका. कोळशाच्या वड्या भिंतीला चिकटून रांगेत मांडायच्या, दोन शेजारी-शेजारी, त्यावर पुन्हा दोन, असं पाऊण वर्तुळ. त्यावर थोड्या-थोड्या अंतराने लाकडाचे मुठीएवढे तुकडे. एका टोकाला आठ-दहा पेटलेले निखारे ठेवायचे. उदबत्तीसारखं एका टोकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू जळत जातं, सात-आठ तास. मधल्या मोकळ्या जागेत पाण्याचं ताट, त्याच्या वर जाळीवर मांस, जाड पॉइंट आगीच्या बाजूला. खालची झडप पाव उघडी, झाकणावरची अर्धी, आणि झाकणाचं भोक आगीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे धूर मांसावरून जाऊन मग बाहेर पडतो. आग सरकेल तसं मांसही फिरवायचं.

ग्रिलच्या आत २२५ ते २७५ फॅरेनहाइट, म्हणजे १०७ ते १३५ सेल्सिअस. मी २५० धरतो. झाकणावर जो थर्मामीटर येतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तो झाकणाचं तापमान सांगतो. जाळीपाशी वेगळा लावा, आणि वापरण्याआधी सुई उकळत्या पाण्यात घालून बघा, १०० सेल्सिअस दाखवतोय का.

लाकूड इथे ओकचं वापरतात, पोस्ट ओक. हिकरी आणि पिकनही चालतं. मेस्कीट जपून, त्याचा धूर उग्र असतो. मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण. दुष्काळी भागात चुलीत जळताना तिचा वास घेतला असेल तर मी काय म्हणतो ते कळेल. लाकूड वाळलेलं हवं, आणि धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा. पांढराशुभ्र, ढगासारखा धूर निघत असेल तर लाकूड नीट जळत नाहीये, मांस कडवट लागणार. व्हिडिओत मात्र पांढराच धूर छान दिसतो, त्याला काय करणार. थंड, ओल्या पृष्ठभागावर धूर जास्त चिकटतो, म्हणून पहिले काही तासच महत्त्वाचे. कापल्यावर कडेला जो गुलाबी पट्टा दिसतो, ज्याचे लोक फोटो टाकतात, तो धुरातल्या वायूंनी मांसाचा रंग पक्का केल्यामुळे होतो. त्याला चव नसते. नाही आला तर रडू नका.

एक गंभीर सूचना. हे सगळं उघड्यावर. बंद बाल्कनीत नाही, गॅरेजचं शटर अर्धं उघडून नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. आणि अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर भाडेकरार आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी कोळशाला परवानगीच नसते.

आता पुढच्या वेळी काय केलं ते सांगतो. पप्पांच्या परतीच्या आधीचा रविवार. जेवण एक वाजता. मी उलटा हिशोब केला आणि शनिवारी रात्री नऊला मांस चढवलं. पाहुणे कोणी नाहीत, फक्त घरचे. घड्याळाची आणि लोकांची भीती नको, हे मी ईस्टरला शिकलो होतो.

पप्पांना झोप येत नव्हती. ते शाल घेऊन अंगणात येऊन बसले. रात्री दोनच्या सुमारास आकडा १५४ ला अडकला. माझा हात झडपेकडे गेला, खरं सांगतो. पप्पा म्हणाले, 'काय रे, बंद पडलं का?' मी त्यांना माठाची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांच्या लहानपणीच्या विहिरीवरच्या रहाटाची गोष्ट सांगत बसले. साडेचारपर्यंत आकडा १६६ झाला होता, आणि मुख्य म्हणजे वरची साल, जिला बार्क म्हणतात, ती गडद काळसर-तपकिरी होऊन घट्ट बसली होती. नख लावून बघायचं, खरवडली गेली नाही पाहिजे. गुंडाळायची वेळ आकड्यावरून नाही, या सालीवरून ठरवा.

मी गुलाबी बुचर पेपर वापरतो, मेण नसलेला. फॉईलही चालते, जास्त लवकर होतं, पण वाफेने साल मऊ पडते. आणि गुंडाळल्यावर मी मांस सरळ घरातल्या ओव्हनमध्ये टाकलं, २५० फॅरेनहाइटवर. हो, ओव्हनमध्ये. शेजारच्या आजोबांना हे पटत नाही. पण कागदाच्या आत धूर फारसा जात नाही, मग पहाटे साडेचारला कोळसा कशाला जाळायचा? मी दोन तास झोपलो.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? साधारण २०३ फॅरेनहाइट, म्हणजे ९५ सेल्सिअस. पण हा आकडा म्हणजे फक्त 'आता तपासायला लागा' अशी सूचना आहे. मी १९५ पासून सुई टोचायला लागतो, फ्लॅटच्या सगळ्यात जाड जागी. लोण्यात जावी तशी गेली पाहिजे, आत आणि बाहेर दोन्हीकडे. कुठे अडखळली तर अजून अर्धा तास. कधी १९८ ला होतं, कधी २०८ ला. प्रत्येक जनावर वेगळं. त्या दिवशी साडेनऊला सुई अशी गेली की मला वाटलं चुकून कागदातच टोचली.

आणि आता कापायचं नाही! दहा मिनिटं कागद सैल करून वाफ जाऊ द्या, पुन्हा गुंडाळा, जुन्या टॉवेलमध्ये बांधा आणि बर्फ न घालता कोरड्या आईसबॉक्समध्ये झाकून ठेवा. किमान एक तास, दोन-तीन उत्तम. गरम असताना जिलेटिन पाण्यासारखं पातळ असतं, कापलं की वाहून जातं. जरा निवलं की दाट होऊन मांसातच थांबतं. ईस्टरला माझ्या पाटावर जे पाणी आलं होतं, त्यातलं बरंचसं ताटात यायला हवं होतं. फक्त आतलं तापमान १४० फॅरेनहाइटच्या, म्हणजे ६० सेल्सिअसच्या, खाली जाऊ देऊ नका. त्याखाली जंतू वाढायला लागतात.

कापताना धाग्याला आडवं, पेन्सिलीएवढे जाड काप. फ्लॅट आणि पॉइंटचे धागे वेगवेगळ्या दिशेने जातात, म्हणून पॉइंटपाशी पोचलात की तुकडा काटकोनात फिरवून घ्या. शिजल्यावर दिशा दिसत नाही, त्यामुळे कच्चं असतानाच फ्लॅटच्या एका कोपऱ्याला धाग्याला आडवी खूण करून ठेवा. काप बोटावर टाकून धरा. तुटता कामा नये, पण हलकं ओढलं की सुटलं पाहिजे. भुगा होत असेल तर जास्त झालं, काप जाड करा. रबरासारखं ताणलं जात असेल तर कमी झालं. तेव्हा घाबरून वाढू नका, काप ताटात लावा, थोडं गरम सूप किंवा पाणी घाला, फॉईलने घट्ट झाकून १५० सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा. ईस्टरला मला एवढं माहीत असतं तर!

एकाने नाशिकहून व्हॉइस नोट पाठवलीये, 'दादा, इकडे काय करू?' म्हशीच्या मांसात चरबीच्या रेषा कमी असतात, बारा तास धुरावर ठेवलं तर चप्पल होईल. त्याला कुकरच बरा. तुम्ही पोर्क खात असाल तर डुकराचा खांदा घ्या. हीच आग, हेच ९५ अंश, हाच स्टॉल, आणि चुका कितीतरी जास्त पोटात घालतो. मी तर म्हणेन, कुठेही राहत असाल, पहिला सराव त्याच्यावरच करा, स्वस्तात पडतो.

तर, त्या रविवारी एक वाजता. पप्पांना मी फ्लॅटचा काप वाढला, मुद्दाम, पॉइंटचा नाही. फ्लॅट जमला तर सगळं जमलं. त्यांनी काट्याने कडेला दाबला, तो आपोआप सुटला. खाल्ला. मग भात बाजूला सारला आणि ताट पुढे केलं. मी वाढत होतो आणि ते शेजारच्या आजोबांना हातवारे करून त्यांच्या इंग्रजीत सांगत होते की रात्री दोन वाजता यंत्र बंद पडलं होतं, पण पोराने हात लावला नाही.

उरलेलं दुसऱ्या दिवशी पप्पांनीच घेतलं. बारीक चिरलं, त्याच चरबीत कांदा-बटाटा परतला आणि उरलेला बॉटल मसाला टाकला. तिथे तो बरोबर लागला.

चला, माझ्याही इथला साप शेवटच्या टोकाला आलाय, मांस आत न्यायला हवं. काही अडलं तर व्हॉइस नोट पाठवा, शक्यतो एका मिनिटाच्या आत. पुढच्या भागात आजोबा स्वतः यायला तयार झालेत, त्यांना ओव्हनबद्दल बोलायचंय. भेटू!